एकाच तारवांतील उतारू

वाचनाचे शास्त्रभाग : योना, अध्याय १, प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७.



पवित्र शास्त्रांत समुद्रप्रवासाच्या दोन कथा आहेत. त्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या असतां त्यांचा बोध अधिक स्पष्ट होतो. पहिली योनाची. तो याफो बंदरास गेला, तर्शीशास जाणारें तारूं त्यास मिळालें, आणि त्यानें भाडें दिलें. भाडें दिल्याची गोष्ट शास्त्रानें मुद्दाम लिहून ठेविली आहे. त्या तारवांत बसण्याचा योनास पुरा हक्क होता. त्याच्या भाड्यांत खोट नव्हती; खोट होती ती त्याच्या चालींत. परंतु त्या एका मनुष्याच्या आज्ञाभंगामुळें सर्व तारूं फुटण्याच्या बेतास आलें. खलाश्यांनीं आपला माल समुद्रांत टाकिला, जो तो आपापल्या देवाचा धांवा करूं लागला. आणि ज्याच्या पायीं हें सर्व घडलें, तो मात्र तळाशीं गाढ झोंपला होता.

दुसरी कथा पौलाची. तो बंदिवान म्हणून रोमास नेला जात होता. त्या तारवांत २७६ जीव होते. वादळ चौदा दिवस हटलें नाहीं. खलाशी होडींतून गुपचूप पळून जाण्याच्या बेतांत आहेत हें पौलानें ओळखिलें व अधिकाऱ्यास कळविलें. घाबरलेल्या लोकांस त्यानें धीर देऊन जेवावयास लाविलें. शेवटीं तारूं फुटलें, पण २७६ पैकीं एकही जीव गेला नाहीं. एका उतारूमुळें सर्वांवर संकट आलें; एका उतारूच्या निमित्तानें सर्व वांचले. तारवांत बसणारा प्रत्येक मनुष्य या दोहोंपैकीं एक होतो. तिसरी जागा तेथें नाहीं.

शिरूर व दौंड तालुक्यांतील वाचकांस समुद्र दूर आहे. परंतु ज्यास तारूं म्हणावें असें एक वाहन आमच्या शिवारांतून रोज जातें. १८५८ सालीं आगगाडी पुण्याच्या पुढें डिकसळापर्यंत आली, आणि १८७८ सालीं मनमाडचा मार्ग येऊन मिळाल्यापासून दौंड हें मोठें जंक्शन झालें. सोलापूरकडील, मनमाडकडील व बारामतीकडील मार्ग तेथें एकत्र होतात. शिरुरास रेल्वेस्थानक नाहीं. तरी घोडनदीकांठचा मनुष्य न्हावरें व चौफुला या वाटेनें केडगांवास येतो, किंवा दौंडास, पुण्यास अथवा अहिल्यानगरास जाऊन गाडी धरितो. कामकरी, शाळेचीं मुलें, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, दवाखान्यास निघालेले रोगी, सर्व एका डब्यांत बसतात. गाडी एकदां सुटली कीं पुढील स्थानक येईपर्यंत कोणास उतरतां येत नाहीं. तितका वेळ तीं सर्व माणसें एका तारवांतील होत.

आतां त्या डब्यांत एक दारू प्यालेला मनुष्य चढला असें समजा. त्यास कोणी बोललें तर त्याचें उत्तर ठरलेलें असतें : पैसा माझा, देह माझा, तिकीटही माझें, तुमचें काय गेलें? हें उत्तर त्याच्या घरींही खोटें आहे, कारण तो पैसा लेंकरांच्या तोंडचा असतो. परंतु घरांतील खोटें चार भिंतींआड लपतें. डब्यांतील लपत नाहीं. पाहा, तो बसतांच म्हातारी आपलें गाठोडें जवळ ओढते. कॉलेजांत जाणाऱ्या मुली बोलणें थांबवून खिडकीबाहेर पाहूं लागतात. आई लेंकराचे कान झांकते. त्याच्या शेजारची जागा सोडून एक भला मनुष्य उठतो व दाराशीं जाऊन उभा राहतो. बंधुजनहो, येथें थांबून विचार करा. धांवत्या गाडीचें उघडें दार हें डब्यांतील अत्यंत धोक्याचें ठिकाण. तेथें जाऊन उभा राहिला तो शुद्धीवर असलेला मनुष्य. त्यास तेथें लोटिलें दारूनें, जी त्यानें कधीं जिभेसही लाविली नव्हती. प्यालेला मनुष्य स्वतः पडो वा न पडो, तो दुसऱ्यास कडेला नेतो.

जून २०२५ मध्यें दौंड-पुणें मार्गावरील डेमू गाडीच्या संडासांत आग लागली, आणि जळती विडी कचऱ्यांत टाकिल्याच्या आरोपावरून एका उतारूस धरण्यांत आलें, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. ही गोष्ट दारूची नव्हे. पण डबा सर्वांचा असतो, हें शिकण्यास ती पुरे आहे. एका मनुष्याची क्षणाची बेपर्वाई शेंकडों जिवांवर येऊं शकते. आणि दारू तर बेपर्वाईची माताच होय.

दारू देहांत काय करिते, हें उपदेशकांनीं लोकांस साध्या शब्दांनीं समजावून सांगावें. ती पोटांतून रक्तांत व रक्तांतून मेंदूंत जाते. प्रथम विवेक व लाज यांचा लगाम सुटतो. म्हणून प्यालेल्यास आपण अधिक शूर व अधिक हुशार झालों असें वाटतें. मग तोल राखणारा लहान मेंदू मंदावतो. डोळ्यांस अंतराचा अदमास राहत नाहीं, आणि हात दांड्याकडे उशिरां जातो. घरीं अंगणांत तोल गेला तर गुडघा फुटेल. परंतु फलाट व पायरी यांमधील फटीपाशीं, किंवा वळणावर हिसका देणाऱ्या डब्याच्या दारांत, तोल जाण्यास दुसरी संधि मिळत नाहीं. लिंबू, ताक, काळा चहा किंवा थंड पाणी यांनीं नशा लवकर उतरते, ही समजूत खोटी आहे. यकृत दारूचा निकाल आपल्या ठराविक गतीनेंच लावितें. त्यास घाई करतां येत नाहीं. शलमोनाच्या नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायांत मद्यप्याचें जें वर्णन आहे, त्यांत भर समुद्रांत डोलकाठीच्या टोंकावर निजणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत दिला आहे. त्या काळीं आगगाडी नव्हती. पण दाराच्या पायरीवर बसून डुलक्या घेणाऱ्या दारुड्याचें याहून खरें चित्र कोण काढील?

सरकारचा कायदाही या बाबतींत मुका नाहीं. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४५ व्या कलमानें गाडींत किंवा रेल्वेच्या हद्दींत नशेंत असणें, उपद्रव देणें, अभद्र कृत्य करणें, शिवीगाळ करणें हा गुन्हा ठरविला. अशा मनुष्यास रेल्वेचा नोकर खालीं उतरवूं शकतो व त्याचें तिकीट किंवा पास रद्द होतो, इतकेंच नव्हे, तर सहा महिन्यांपर्यंत कैद व ५०० रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्या कलमांत लिहिली गेली. योनाचें भाडें जसें त्यास वांचवूं शकलें नाहीं, तसें तिकीट हें दारुड्याचें आश्रयस्थान नव्हे.

पण त्याच कायद्यांत आणखी एक कलम आहे, तें प्रत्येक घरांत वाचून दाखविण्यासारखें आहे. चालत्या प्रवासी गाडींतून अपघातानें पडून तिकीट काढलेला उतारू मेला, तर त्याच्या वारसांस भरपाई मिळावी, असें १२४-अ हें कलम सांगतें. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूबद्दलची ही रक्कम ८ लाख रुपये आहे. रेल्वेची चूक झाली हें सिद्ध करण्याची विधवेस गरज पडत नाहीं. मात्र तेथेंच अपवाद सांगितले आहेत. उतारूनें नशेंत असतां स्वतः केलेल्या कृत्यामुळें त्यास मरण आलें, तर ही भरपाई मिळत नाहीं. पाहा, दारूची लूट किती दूर पोहोंचते! जिवंतपणीं तिनें पगार खाल्ला. भांडीं व डोरलें खाल्लें. आणि धनी मेल्यावर सरकारानें विधवेसाठीं राखून ठेविलेली भाकरी, तीही तिच्या हातांत पडण्याआधीं दारूनें हिरावून घेतली. देह माझा, असें म्हणणाऱ्यानें या कलमापुढें उत्तर द्यावें.

येथें कोणी म्हणेल कीं, उतारूचें ठीक आहे, पण हांकणारा प्याला तर काय? हा प्रश्न योग्य आहे. ११ जून १९७२ रोजीं लंडन शहराच्या एल्थम वेल हॉल नांवाच्या स्थानकापाशीं एक गाडी रुळांवरून घसरली. समुद्रकांठीं दिवस आनंदांत घालवून लोक घरीं परत येत होते. मोठें वळण होतें, तेथें वेग अत्यंत कमी ठेवावयाचा; गाडी त्या वेगाच्या तिपटीहून अधिक धांवत होती. ५ उतारू व स्वतः चालक असे ६ जण मेले. चालक दारूच्या अंमलाखालीं होता, असें चौकशींत निष्पन्न झालें. आमच्या देशांत आगगाडी हांकणाऱ्यास आतां लोको पायलट म्हणतात. तो कामावर येतो त्या वेळीं यंत्रांत फुंकर घालून त्याचा श्वास तपासला जातो. कामावर नशेंत आढळणाऱ्या रेल्वेच्या नोकरास १९८९ च्या कायद्याच्या १७२ व्या कलमानें शिक्षा ठेविली आहे. त्यामुळें कोणाच्या जिवास धोका होण्यासारखा असेल तर एक वर्षापर्यंत कैद आहे. हें योग्यच झालें. परंतु बापांनो, तुम्हीही आपल्या घराचे हांकणारे आहां. तुमच्या मागें जोडलेल्या डब्यांत बायको, लेंकरें व वृद्ध आईबाप बसलीं आहेत. तुमचा श्वास कोण तपासतो? यंत्र नसेल; पण लेंकरूं तपासतें. दारांत पाऊल पडतांच तें वासावरून ओळखतें, आणि गोधडींत तोंड घालतें.

आतां डब्यांत असा मनुष्य आढळला असतां आम्हीं काय करावें? येथें त्या विधर्मी खलाश्यांपासून शिकण्यासारखें आहे. योना दोषी आहे हें त्यांस कळलें, त्यानें स्वतःच आपणांस समुद्रांत टाका असें सांगितलें, तरीही ते त्यास तत्काळ टाकून मोकळे झाले नाहींत. तारूं कांठास नेण्यासाठीं त्यांनीं आधीं जिवापाड वल्हीं मारिलीं; आणि दुसरा उपाय उरला नाहीं तेव्हांच, प्रार्थना करून, त्यांनीं त्याचें म्हणणें ऐकिलें. आजकाल पुष्कळ लोक वल्हीं मारीत नाहींत. दारुड्यास चार जण मिळून बडवितात किंवा दाराकडे लोटितात. हें पाप आहे. त्याच्या गुन्ह्याची शिक्षा न्यायालय देईल. त्याच्या प्राणाची जबाबदारी त्या वेळीं शुद्धीवर असलेल्यांची आहे.

तर असें करावें. त्याच्याशीं वाद घालूं नये. वादानें दारू पेटते. स्त्रिया, मुली व लेंकरें यांस शांतपणें दुसऱ्या बाजूस बसवावें, व दोघां-तिघां पुरुषांनीं मध्यें बसावें. गाडींतील तिकीट तपासनीस किंवा रेल्वे पोलिस यांस सांगावें. ते जवळ नसतील तर १३९ या क्रमांकावर दूरध्वनि करून गाडीचें नांव, डब्याचा क्रमांक व पुढील स्थानक कळवावें. प्यालेल्यास दारापासून दूर, खालच्या बांकावर बसवावें. वरच्या बांकावर चढूं देऊं नये. तो झोंपीं गेला तर त्यास उताणा ठेवूं नये, कुशीवर वळवावें, म्हणजे ओकारी आली तरी ती श्वासनलिकेंत जाणार नाहीं. हालवून जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलें असेल, तर ही झोंप नव्हे, मरणाची सुरुवात असूं शकते. पुढील स्थानकावर वैद्यकीय मदत मागावी. सांखळी उगाच ओढणें गुन्हा आहे. पण कोणी गाडीखालीं पडलें किंवा जिवावर बेतलें, तर ती त्यासाठींच आहे, ओढावयास कचरूं नये. आणि मुख्य गोष्ट ही कीं, मौन धरूं नये. पौलानें खलाश्यांचा बेत पाहून मान फिरविली असती तर २७६ जिवांचें काय झालें असतें?

या आमच्या मार्गावर असा एक धीराचा उतारू होऊन गेला, त्याचें स्मरण केडगांव स्थानक दिसतांच झालें पाहिजे. पंडिता रमाबाई यांनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत फिरून निराधार मुली व बालविधवा गोळा केल्या, त्यांस इकडे आणिलें, आणि केडगांव येथें मुक्तिसदन उभारिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूपाशीं गेल्या. ज्यांस कोणी हात देईना अशा मुलींस त्यांनीं शेंकडों मैलांचा प्रवास निर्भयपणें करविला. त्याच केडगांवच्या फलाटावर आज एखादी मुलगी, डब्यांत दारुडा बसला आहे म्हणून गाडी सोडून देते, आणि घरीं उशिरां पोहोंचून वर बोलणीं खाते, तर आम्हांस लाज वाटूं नये काय?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत एक आज्ञा आहे कीं, नवें घर बांधणाऱ्यानें धाब्यास कठडा करावा, नाहीं तर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरधन्यावर येईल. पडणारा कसा पडला हें तेथें विचारलें नाहीं. कठडा होता कीं नाहीं हें विचारलें आहे. डब्यांतील दारू डब्यांत जन्मत नाहीं. ती स्टेशनच्या वाटेवरील दुकानांत, लग्नाच्या मांडवामागें, पगाराच्या सायंकाळीं, ऊसतोडीच्या हिशेबाच्या दिवशीं प्यालेली असते. कठडा तेथें बांधावयाचा. जोतीराव फुले यांनीं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतां १८८० सालीं दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध पत्र लिहून आवाज उठविला. अलीकडे २००८ पासून महाराष्ट्रांत असा नियम आहे कीं, स्त्रियांनीं मागणी करून मतदान घडवावें, आणि गांवांतील स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें दुकानाविरुद्ध पडलीं तर तें बंद व्हावें. लोक यास बाटली आडवी करणें म्हणतात. हा कायद्यानें दिलेला कठडा आहे. आणि मंडळीनें बांधावयाचा कठडा तर याहून सोपा आहे : वऱ्हाड आगगाडीनें निघालें तर वऱ्हाडांत बाटली जाणार नाहीं, असें दोन्ही घरच्या वडिलांनीं निघण्यापूर्वीं ठरवावें, आणि जो ऐकणार नाहीं त्यास त्या दिवशीं घरीं ठेवावें.

उपदेशक बंधूंस एक शंका नेहमीं ऐकावी लागते. लोक म्हणतात, प्रभूनें काना गांवच्या लग्नांत पाण्याचा द्राक्षारस केला. पौलानेंही तीमथ्यास पोटाच्या दुखण्यासाठीं थोडा घ्यावयास सांगितलें. मग आम्हांसच मनाई कां? यावर रागावूं नका. विचारा, कानाच्या लग्नांत प्रभूनें कोणाची लाज राखिली? यजमानाची. तुमच्या बाटलीनें कोणाची लाज राहते? पौलानें औषध सांगितलें तें एका दुखणाइतास, आणि तोच पौल रोमकरांस लिहितो कीं, ज्यानें भाऊ अडखळतो तें मांस व तो द्राक्षारस न घेणें हेंच बरें. आम्हांस किती मोकळीक आहे, हा ख्रिस्ती मनुष्याचा पहिला प्रश्न नव्हे. माझ्या मोकळिकीनें शेजारी कोठें ढकलला जातो, हा पहिला प्रश्न होय. आणि डब्यांत तो दाराकडे ढकलला जातो, हें आपण पाहिलें.

शेवटीं, जो बंधु दारूच्या पाशांत आहे त्यास दोन शब्द. भाऊ, योनाची गोष्ट समुद्रांत संपत नाहीं. ज्या देवानें वादळ पाठविलें त्यानेंच मासाही नेमून ठेविला, आणि ज्यानें पाठ फिरविली होती त्यासच पुन्हां कामावर पाठविलें. तुझ्यासाठींही मार्ग आहे. मात्र पुष्कळ वर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं स्वतःच्या बळावर सोडूं नये; हातपाय कांपणें, भ्रम होणें, झटके येणें असे प्रकार होऊन जिवास अपाय होतो. डॉक्टरास सांगून, औषध घेऊन सोडावी. पुण्यास मुक्तांगण नांवाचें व्यसनमुक्ति-केंद्र १९८६ पासून हें काम करीत आहे. व्यसनी मनुष्यांनींच एकमेकांस आधार देण्याची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ अमेरिकेंत १९३५ सालीं सुरू झाली. तिच्या सभा आमच्या देशांतही भरतात. प्रार्थना कर, पण प्रार्थना करून घरीं बसूं नको. पौलास वचन मिळालें होतें, तरी त्यानें लोकांस जेवावयास लाविलें, तारूं हलकें होऊं दिलें व पोहतां येणाऱ्यांनीं पोहून कांठ गांठला. आणि मंडळीहो, जो बंधु उपचारास जाईल त्याच्या घरीं त्या महिन्याचें पीठमीठ पोहोंचविणें हें तुमचें काम आहे, त्याची निंदा करणें नव्हे.

पुढच्या वेळीं दौंडच्या गाडींत पाऊल ठेवाल तेव्हां डब्यांतील चेहऱ्यांकडे एकदां पाहा. देवानें तितक्या वेळापुरते ते तुमच्या स्वाधीन केले आहेत, व तुम्हांस त्यांच्या.

हे प्रभो, वादळास धमकावणाऱ्या तारणाऱ्या, वाटेवर असलेल्या सर्वांस सुखरूप घरीं ने. आम्हांस शुद्धीवर ठेव. जो झोंपला आहे त्यास जागें कर, जी भ्याली आहे तिजजवळ बैस, आणि ज्यास बोलावयाचें आहे त्यास धैर्य दे. आमेन.